अपलोड-डाउनलोड अडतं कुठे? आधी फाइलची साइज बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे, तरी ९०० एमबीचा व्हिडिओ चढवायला पाव तास लागतो आणि पट्टी ९९ टक्क्यांवर येऊन लटकते. उतरवून घेतलेली एक पीडीएफ 'फाइल खराब आहे' म्हणत उघडत नाही. आणि ऑनलाइन अर्जाला फोटो जोडायला गेलं, तर तो घेतच नाही. हे नेमकं काय होतंय आणि काय करायचं?

तक्रारी तीन असल्या तरी तपासाची सुरुवात एकाच जागी होते: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथली साइज. बहुतेक लोक नेटला शिव्या देतात, राउटर बंद-चालू करतात, ब्राउझर बदलतात. साइजकडे मात्र बघत नाहीत. आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. डाउनलोड म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलची प्रत आपल्याकडे येणं, आणि अपलोड म्हणजे आपल्या फाइलची प्रत तिकडे जाणं. मूळ फाइल दोन्ही वेळा जागच्या जागीच राहते. म्हणून अर्जासोबत बायोडेटा चढवल्यावर घरच्या फाइलमधला फोन नंबर दुरुस्त केला, तरी तिकडच्या प्रतीत जुनाच नंबर राहतो. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा चढवावी लागते. फायलींच्या या देवघेवीचे नियम बरेच जुने आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात असताना अभय भूषण यांनी १९७१ साली एफटीपी या फाइल पाठवण्याच्या नियमावलीचा पहिला मसुदा लिहिला. एफटीपीतले दोन मुख्य हुकूम म्हणजे 'आण' आणि 'ठेव'. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपीला रजा दिली. ब्राउझरमधली कामं आता एचटीटीपीएस या वेबच्या नियमावलीवर चालतात, पण गाभा तोच: आण आणि ठेव.

आता वेगाचा हिशेब. जाहिरातीतला १०० हा आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइलची साइज मेगाबाइटमध्ये असते. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. ९०० एमबीचा व्हिडिओ या वेगाने उतरायला ७२ सेकंद. आता तोच चढवायचा आहे. बऱ्याच जोडण्यांमध्ये, विशेषतः टेलिफोनच्या तारेवरच्या, केबलच्या आणि मोबाइलच्या, चढवायचा वेग उतरवायच्या वेगापेक्षा बराच कमी ठेवलेला असतो, कारण माणसं बघतात जास्त आणि पाठवतात कमी. समजा तो १० एमबीपीएस आहे. ९०० गुणिले ८ म्हणजे ७,२०० मेगाबिट, भागिले १० म्हणजे ७२० सेकंद: बरोबर १२ मिनिटं. वर पत्त्यांचा आणि पुन्हा पाठवण्याचा खर्च (तो कसा, ते पुढे) धरला, तर पाव तास होतोच. म्हणजे या तक्रारीत बिघाड काहीच नाही. फायबरवर दोन्हीकडचा वेग अनेकदा सारखा मिळतो, पण तो सारखा आहे का हे योजनेच्या तपशिलात बघून घ्यावं लागतं. स्पीड टेस्ट करताना दोन आकडे येतात. दुसरा आकडा अपलोडचा, आणि तोच कोणी वाचत नाही.

वेग नेहमी वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरतो. तुमची जोडणी ३०० ची असली आणि समोरचा सर्व्हर प्रत्येकाला २० च देत असेल, तर २० च मिळणार. त्याच वेळी दुसऱ्या साइटवरून भराभर उतरत असेल, तर दोष घरच्या नेटचा नाही हे धरून चाला. सगळीकडेच हळू असेल, तर कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडून बघा. केबलवर वेग आला, तर वायफायचं दुखणं आहे: राउटर लांब आहे, मधे भिंती आहेत, किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीच्या पट्ट्यावर जोडणी गेली आहे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळून जास्त वेग देतो, पण भिंतींपुढे लवकर थकतो.

फाइल अखंड जात नाही, तिचे तुकडे होतात. एका पॅकेटमध्ये साधारण १,५०० बाइट मावतात; त्यातले ४० पत्ता-क्रमांकात जातात आणि मालाला १,४६० उरतात. म्हणजे पाच एमबीच्या एका फोटोची जवळजवळ ३,४०० पॅकेटं. प्रत्येकावर क्रमांक असतो आणि समोरचा मिळालेल्या मालाची पोच देत राहतो. पोच आली नाही, तर ते पॅकेट पुन्हा पाठवलं जातं. म्हणून रेंज कमी असली तरी फाइल सहसा बिघडून येत नाही, उशिरा येते. 'नेट स्लो होतं म्हणून फोटो फाटून आला' हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. फोटो फाटून आला, तर तो अर्ध्यात तुटलेला असतो. तो मुद्दा पुढे.

पोच देण्याच्या या पद्धतीमुळे एक गोंधळ घडतो, जो बऱ्याच घरांत रोज होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एकजण व्हिडिओ कॉलवर असतो, दुसऱ्याच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केलेला असतो, आणि कॉल अडखळतो. चढवायची वाट आधीच अरुंद, ती फोटोंनी भरली, की राउटरमध्ये रांग लागते. कॉलचा आवाज त्या रांगेत अडकतो, शिवाय उतरणाऱ्या फायलींच्या पोचाही त्याच रांगेत. पोच उशिरा गेली, की समोरचा सर्व्हर पुढचा माल सोडत नाही आणि डाउनलोडही मंदावतं. यावर महागडी योजना घ्यायची गरज नाही. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या तिन्हींच्या कॉम्प्युटरवरच्या अॅपमध्ये अपलोडचा वेग बांधून ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते. एकूण अपलोडच्या दोन तृतीयांशावर मर्यादा ठेवली, की कॉल चालतो आणि बॅकअपही होतो, फक्त थोडा उशिरा.

पट्टी ९९ वर का लटकते? पट्टी सांगते ती तुमच्या कॉम्प्युटरने किती बाइट पुढे ढकलले याची गोष्ट. शेवटचा बाइट निघाला, की पट्टी भरली. त्यानंतर सर्व्हरला बरंच काम असतं: तुकडे जोडणं, व्हायरस तपासणं, फाइल कायमच्या जागी हलवणं, व्हिडिओ असेल तर तो वेगवेगळ्या आकारांत पुन्हा तयार करणं. या कामाची पट्टी दाखवायची तसदी साइट घेत नाहीत. म्हणून ९९ वर किंवा १०० वर थांबलं, तर टॅब बंद करू नका, मागे जाऊ नका, 'सबमिट' पुन्हा दाबू नका. पाच-दहा मिनिटं थांबा. झालं की नाही याचा पुरावा म्हणजे पोचक्रमांक, हिरवी खूण किंवा यादीत दिसणारं फाइलचं नाव. भरलेली पट्टी हा पुरावा नव्हे. महत्त्वाचा कागद असेल तर यादीतून तीच फाइल परत उतरवून उघडून बघा, सगळी पानं आहेत का ते मोजा.

मात्र तीन गोष्टी खरोखर काम मोडतात. लॅपटॉपचं झाकण मिटलं, की तो झोपतो आणि अपलोड तुटतं; मोठी फाइल चढवताना स्लीप बंद ठेवा. दुसरी, लॉगिनची मुदत. काही साइट ठरावीक मिनिटं हालचाल नसली, की बाहेर काढतात, आणि फाइल चढत असण्याला त्या हालचाल मानत नाहीत. त्यामुळे आधी सगळ्या फायली तयार ठेवायच्या आणि मगच लॉगिन करायचं. तिसरी गोष्ट सर्व्हरवरची मर्यादा. साइट चालवणाऱ्यांनी मुद्दाम बदलली नाही, तर एनजिनएक्स हा सर्व्हर १ एमबीपेक्षा मोठा माल घेत नाही आणि पीएचपी, म्हणजे अनेक साइट ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती, २ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. अर्जाच्या पानावर '५ एमबीपर्यंत' लिहिलेलं असतं, पण आतली मर्यादा वाढवायची राहून गेलेली असते. मग ४१३ हा एररचा आकडा दिसतो किंवा पान नुसतं कोरं होतं. अशा वेळी फाइल ९०० केबीच्या आत आणून बघा. चढली, तर कारण कळलंच.

डाउनलोडकडे वळू. उतरत असताना फाइलला तात्पुरतं नाव असतं: क्रोममध्ये शेवटी सीआरडाउनलोड, फायरफॉक्समध्ये पार्ट, सफारीत डाउनलोड. पूर्ण उतरल्यावरच ब्राउझर खरं नाव देतो. अशी फाइल फोल्डरमध्ये पडून असेल, तर ती अर्धवट आहे. शेपूट पुसून पीडीएफ लिहिलं, तरी ती पूर्ण होत नाही. कंट्रोल दाबून जे दाबलं, की विंडोजवरच्या क्रोम, एज, फायरफॉक्समध्ये डाउनलोडची यादी उघडते. तिथे 'रिझ्यूम' दिसलं तर दाबा. सर्व्हरची परवानगी असेल तर ब्राउझर 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं मागतो आणि तुटलं तिथून पुढे चालू होतं. काही लिंक मात्र ठरावीक वेळेपुरत्याच जिवंत असतात; त्या मेल्यावर रिझ्यूम चालत नाही, मूळ पानावर जाऊन नवी लिंक घ्यावी लागते. आणि 'किती वेळ उरला' हे दिसतच नसेल तर घाबरू नका. सर्व्हरने एकूण साइज आधी कळवलेली नसते, एवढंच.

आता न उघडणारी पीडीएफ. साइज बघा. चाळीस पानांचा अहवाल आहे आणि साइज १४ केबी, तर ती पीडीएफच नाही. बहुतेक वेळा असं होतं की साइटवरचं लॉगिन संपलेलं असतं, आणि लिंकवर राइट क्लिक करून 'सेव्ह लिंक अॅज' दाबल्यावर सर्व्हर फाइलऐवजी 'लॉगिन करा' हे पान पाठवतो. ब्राउझर बिचारा ते अहवालाच्याच नावाने जपून ठेवतो. खात्री करायची असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफच्या अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून पीडीएफ ही इंग्रजी अक्षरं दिसतात. पुढे अगम्य चिन्हांचा कचरा असतो, तो असायलाच हवा. सुरुवातीला कोनी कंस आणि डॉकटाइप एचटीएमएल दिसलं, तर ते वेबचं पान आहे. झिप फाइल पीके या दोन अक्षरांनी सुरू होते. ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डची डॉकएक्स फाइलही पीके नेच सुरू होते, कारण ती आतून झिपच असते. म्हणूनच कधीकधी मेलमधून उतरवलेली वर्डची फाइल झिप म्हणून येते. तिथे नाव बदलून शेवटी डॉकएक्स केलं, की ती सरळ उघडते. नाव बदलून काम होण्याचं हे जवळजवळ एकमेव उदाहरण.

बघून झाल्यावर ती फाइल नोटपॅडमधून सेव्ह करू नका. नुसती बंद करा. सेव्ह केली तर चांगली पीडीएफही बिघडू शकते.

साइज बरोबर वाटते तरी उघडत नाही? साइटवर लिहिलेली साइज आणि तुमच्याकडची साइज ताडून बघा. ४८ एमबीच्या जागी ३१ असेल, तर अर्ध्यात तुटली; काढून टाका आणि पुन्हा घ्या. मोठी सॉफ्टवेअर देणाऱ्या साइट सोबत एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा ठसा देतात. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि मॅकवर शासम ही आज्ञा तुमच्याकडच्या फाइलचा ठसा काढून देते; फक्त तिला ठसा एसएचए-२५६ चा हवा हे सांगावं लागतं. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो, त्यामुळे पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तर चुकून तुटलेल्या फाइलची शंका उरत नाही. रोजच्या फायलींना एवढं करायची गरज नसते, पण ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची फाइल असेल तर जरूर करा.

फोटो न घेणाऱ्या अर्जाचं प्रकरण जरा सविस्तर बघायला हवं, कारण तिथे दोन वेगळी कारणं एकाच तऱ्हेच्या मोघम संदेशामागे लपतात: प्रकार चुकीचा किंवा साइज चुकीची.

प्रकाराचं आधी. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो. अर्जाला हवा असतो जेपीजी. लोक फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. अर्जाचं पान फसतं, सर्व्हर फसत नाही. तो आतले पहिले बाइट वाचतो आणि फाइल परत करतो. फोटो खरोखर बदलायचा तर विंडोजच्या फोटो अॅपमध्ये किंवा मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडून 'सेव्ह अॅज' किंवा 'एक्सपोर्ट' करून जेपीजी निवडा. पुढचे फोटो सरळ जेपीजीमध्ये हवे असतील तर आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल.

नाव बदलायच्या भानगडीत आणखी एक घोळ होतो. विंडोज नावाचं शेपूट लपवून ठेवतं. तुम्ही 'फोटो' च्या पुढे जेपीजी लिहिता आणि खरं नाव होतं फोटो डॉट जेपीजी डॉट एचईआयसी. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत शो, आणि त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स हे चालू करा आणि कायम चालू ठेवा. चोरांनाही या लपवाछपवीचा फायदा होतो: बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई ही फाइल तुम्हाला नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते, आणि उघडली की प्रोग्रॅम चालू होतो.

आता साइज. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४,००० गुणिले ३,००० ठिपक्यांचा असतो आणि तीन ते पाच एमबी भरतो. अर्ज मागतो ५० केबी. दर्जा खाली खाली ओढून एवढं कमी करायला गेलात तर चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात. ठिपके कमी करायचे. विंडोजच्या पेंटमध्ये आधी नको असलेला भाग कापा, मग रिसाइझमध्ये पिक्सेल निवडून ३५० गुणिले ४५० च्या आसपास आणा आणि वेगळ्या नावाने जेपीजी म्हणून सेव्ह करा. एवढ्या ठिपक्यांचा चेहऱ्याचा फोटो बहुधा ५० केबीच्या आत बसतो आणि स्वच्छही दिसतो. मूळ फोटो तसाच राहू द्या: जेपीजी दरवेळी बदलून सेव्ह केला, की थोडा दर्जा जातो, आणि गेलेला परत येत नाही.

मर्यादेच्या अगदी काठावर राहू नका. ५० केबी म्हणजे कोणाच्या लेखी ५०,००० बाइट, कोणाच्या लेखी ५१,२००. प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे असतात; सर्व्हर मोजतो तो पहिला, आणि कंसात त्याचे नेमके बाइट असतात. ते ४८,००० च्या आत असू द्या. काही अर्जांना किमान मर्यादाही असते, वीस केबीपेक्षा लहान फोटोही ते परत करतात. तेवढी एक ओळ वाचायची राहते आणि माणूस फोटो आणखी आणखी लहान करत बसतो.

स्कॅनचं गणितही असंच. ए४ कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केला, तर २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात आणि दाबण्याआधीचा कच्चा माल २६ एमबी. तोच कागद १५० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांत, केला, तर २.२ एमबी, म्हणजे बारावा हिस्सा. छापील मजकूर १५० वर आरामात वाचता येतो. बारीक शिक्का किंवा पुसट सही असेल तर २०० घ्या. आधी भारी स्कॅन करून मग पीडीएफ लहान करून देणाऱ्या अनोळखी साइटवर ती टाकायची, हा उलटा रस्ता आहे. ओळखपत्राची प्रत तिसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवून येण्यापेक्षा स्कॅनरचं सेटिंग बदलणं सोपं.

नावांबद्दल. फाइलला 'अर्ज' असं मराठी नाव द्यायला आजच्या कॉम्प्युटरची काही हरकत नसते, जुन्या साइटची मात्र असते. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. 'अर्ज' मध्ये अ, र, हलन्त आणि ज अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. लिंकमध्ये ते टक्क्यांच्या चिन्हांसकट ३६ अक्षरं होतात. उतरवलेल्या फाइलचं नाव टक्के आणि ई०, ए४ अशा जंजाळाचं दिसलं, तर ते तुमचंच मराठी नाव आहे. अनेक सर्व्हर नावाला २५५ बाइटच देतात, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, आणि 'अंतिम दुरुस्त प्रत सहीसह' छाप नावं तिथवर पोचायला वेळ लागत नाही. अर्जासाठी चढवताना नाव लहान ठेवा, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच वापरा. प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम, तिरपी रेघ ही चिन्हं विंडोज नावात घेतच नाही, त्यामुळे मॅकवरून आलेली अशी नावं वाटेत बदलतात. एकाच नावाची फाइल दुसऱ्यांदा उतरवली, की कंसात १ लागतो, मग २. नवी कुठली हे नावावरून ठरवू नका, तारखेवरून ठरवा.

मेलला जोडायच्या फायलींना २५ एमबी ही मर्यादा जीमेलसकट अनेक ठिकाणी आहे. पण मेलमधून फाइल अक्षरांच्या रूपात जाते, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून वाटेत तिचं वजन तिसऱ्या हिश्शाने वाढतं. पाठवताना २० एमबीची असलेली फाइल २७ च्या घरात जाते आणि समोरचा मेलसर्व्हर ती परत पाठवतो. १८ एमबीच्या वर असेल तर ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवा, आणि लिंकची परवानगी बघून घ्या. परवानगी दिली नसेल तर समोरच्याला फाइलऐवजी 'विनंती करा' असं पान दिसतं. 'लिंक असलेल्या कोणालाही' दिली असेल तर लिंक जिथे जाईल तिथे फाइल उघडेल. तपासायला लिंक इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघणं पुरतं.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो, आणि छापायला दिला की ते लगेच कळतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. २०२२ पासून तिथे २ जीबीपर्यंतची फाइल चालते.

लहान लहान फायली शेकड्यांनी पाठवायच्या असतील, तर आधी झिप करा. प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरशी वेगळी बोलणी होतात, आणि प्रत्येक नवी जोडणी सुरुवातीला हळू चालते: पहिल्या खेपेला साधारण दहा पॅकेटं, पोच आली की वीस, मग चाळीस. छोटी फाइल वेग पकडायच्या आतच संपते. झिप केल्याने साइजही घटेल ही अपेक्षा मात्र फोटो-व्हिडिओंच्या बाबतीत ठेवू नका, ते आधीच दाबलेले असतात. उतरवलेली झिप आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. विंडोज झिपच्या आत डोकावू देतं आणि आतली फाइल उघडूही देतं, पण तिथे केलेले बदल भलत्याच तात्पुरत्या जागी जातात. मेलमधूनच थेट उघडलेल्या वर्डच्या फाइलचंही तेच होतं: दोन तास काम करून सेव्ह केलं आणि फाइल कुठे गेली ते सापडत नाही. आधी डाउनलोड, मग उघडणं. आणि डिस्कवर जागा दुप्पट ठेवा, कारण काही काळ झिप आणि तिच्यातला माल दोन्ही सोबत राहतात.

सिंक हा प्रकार वेगळा आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचा फोल्डर म्हणजे दोन्हीकडच्या प्रती सारख्या ठेवायचा करार. 'वर चढलं आहेच' म्हणून लॅपटॉपवरची प्रत पुसली, की वरचीही पुसली जाते, आणि फोनमधलीही. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस मिळते, नंतर नाही. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या नावाशेजारी निळा ढग असेल तर फाइल तुमच्या डिस्कवर नाही, फक्त नाव आहे. नेट नसताना ती उघडणार नाही. प्रवासाला निघण्याआधी राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. गच्च हिरव्या गोलात पांढरी खूण आली, की ती डिस्कवर आहे.

डाउनलोडच्या सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी. पानावर 'डाउनलोड' ची चार बटणं असतील तर मोठी, रंगीत बटणं बहुधा जाहिराती असतात. बटणावर बाण नुसता ठेवला, की खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. तो त्याच साइटचा आहे का बघा. पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी वाचत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. दुसरी गोष्ट, नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण लावतं. त्यामुळेच वर्डमध्ये पिवळी पट्टी येते आणि मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्रॅम, चालत नाहीत. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल अपेक्षित असेल, तरच प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करा.

पेनड्राइव्हचं एक राहिलं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे आणि ५ जीबीचा व्हिडिओ 'फाइल फार मोठी आहे' म्हणून जात नाही, तर तो फॅट३२ पद्धतीने मांडलेला आहे. त्या पद्धतीत एका फाइलच्या साइजसाठी ३२ बिट राखलेले असतात, म्हणून ४ जीबीला एक बाइट कमी ही तिची हद्द. आतला माल दुसरीकडे हलवा, पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि एक्सफॅट निवडा. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे तो चालतो. जुना टीव्ही किंवा गाडीतला प्लेअर मात्र एक्सफॅट ओळखेलच असं नाही, तिथे व्हिडिओचे दोन भाग करून फॅट३२ वरच न्यावे लागतात.